बीबीसी मायक्रोचा सेकंड प्रोसेसर कधी दिसतो, कधी गायब होतो: दोष कुठे शोधायचा

बीबीसी मायक्रो या जुन्या संगणकाला सेकंड प्रोसेसरचा, म्हणजे मदतीच्या दुसऱ्या प्रोसेसरचा, डबा बाहेरून जोडता येतो. तो बिघडल्याचं लक्षण असं असतं. मशीन चालू केलं की पडद्यावर "एकॉर्न ट्यूब ६५०२ ६४के" ही ओळ येते आणि सगळं सुरळीत चालतं. बंद करून पुन्हा चालू केलं की नुसतं "बीबीसी कॉम्प्युटर ३२के". शेजारी ठेवलेला सेकंड प्रोसेसरचा डबा जणू जोडलेलाच नाही. तिसऱ्या वेळी पुन्हा दिसतो. उन्हाळ्यात महिना महिना तक्रार नसते आणि जुलै उजाडला की हे रोजचं दुखणं होतं.

माझ्याकडे डोंबिवलीत हे तीन पावसाळे चाललं. पहिल्या वर्षी मी सेकंड प्रोसेसर उघडून त्यातल्या चिप एकेक करून बदलायला घेतल्या होत्या. तो वेळ पूर्ण वाया गेला, कारण दोष त्या डब्यात नव्हताच. त्यानंतर मित्रांचे दोन डबे तपासून दिले, दोन्ही "मेलेला" म्हणून अडगळीत गेलेले. एकही मेलेला नव्हता. म्हणून हे सविस्तर लिहितोय. हे बोर्ड आता नव्याने तयार होत नाहीत, त्यातली ट्यूब युएलए चिप (दोन प्रोसेसरमधली देवाणघेवाण सांभाळणारी) हे मशीन काढणाऱ्या एकॉर्न कंपनीने खास बनवून घेतलेली होती, आणि चुकीच्या निदानापायी त्यातला एकही भंगारात जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

ज्यांनी हे मशीन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने डिसेंबर १९८१ मध्ये बीबीसी मायक्रो बाजारात आणला. २ मेगाहर्ट्झचा ६५०२ए प्रोसेसर, मॉडेल बी मध्ये ३२ केबी रॅम. मशीनच्या पोटाखाली ४० पिनांचा एक कनेक्टर आहे, त्याचं नाव ट्यूब. तिथे दुसरा प्रोसेसर जोडला की कामाची वाटणी होते. प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोसेसरवर त्याच्या स्वतःच्या ६४ केबी रॅममध्ये चालतो, आणि मूळ मशीन कीबोर्ड, पडदा, डिस्क, प्रिंटर एवढंच सांभाळतं. ६५०२चा डबा ३ मेगाहर्ट्झचा, झेड८०चा ६ मेगाहर्ट्झचा, आणि त्यावर सीपी/एम ही त्या काळची ऑपरेटिंग सिस्टिम चालायची. पुढे ३२०१६ हा प्रोसेसर आला. एप्रिल १९८५ मध्ये पहिली एआरएम चिप केंब्रिजला पोहोचली तेव्हा तीही याच ट्यूबमागे सेकंड प्रोसेसर म्हणून बसवली गेली. आज खिशातल्या फोनमध्ये ज्या घराण्याचा प्रोसेसर आहे, त्याची पहिली पावलं या ४० तारांच्या पट्टीवरून पडली आहेत. मला या कनेक्टरबद्दल इतकी आस्था का, ते यावरून कळावं.

आपल्याकडे हे मशीन आलं ते १९८४-८५ च्या क्लास प्रकल्पातून. सरकारी योजनेत देशभरातल्या निवडक शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले, आणि मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने याच मशीनची भारतीय आवृत्ती 'युनिकॉर्न' या नावाने काढली. माझं मशीन असंच एका शाळेच्या कपाटातून सुटलेलं आहे. सेकंड प्रोसेसर मात्र आत्येभावाने इंग्लंडहून येताना आणला. हे सांगायचं कारण पुढे अर्थिंगच्या भागात येईल.

आधी पडद्यावरची ओळ वाचा

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी हे करा. पडद्यावर नक्की काय येतं यावरून अर्धं निदान होतं, आणि बहुतेक जण हीच पायरी गाळतात.

"एकॉर्न ट्यूब ६५०२ ६४के" ही ओळ मूळ मशीनच्या रॉममध्ये नाही. ती सेकंड प्रोसेसरच्या स्वतःच्या छोट्या रॉममधून येते. तिथला प्रोसेसर ती एकेक अक्षर करून ट्यूबच्या पहिल्या रजिस्टरमधून (युएलए चिपमधल्या देवाणघेवाणीच्या कप्प्यातून) पाठवतो, आणि मूळ मशीन ते अक्षर पडद्यावर उमटवतं. म्हणजे ही ओळ एकदा जरी पूर्ण आणि शुद्ध दिसली, तरी पलीकडचा प्रोसेसर, त्याची रॉम, युएलए, केबल आणि अलीकडचा ट्यूबचा कोड, सगळे किमान त्या क्षणी जिवंत होते. असा डबा मेलेला म्हणता येत नाही.

ओळ आली, पण खाली "बेसिक" (मशीनची प्रोग्रॅमिंग भाषा) हा शब्द आणि बाणाचं चिन्ह आलंच नाही तर? त्या टप्प्यावर मूळ मशीन बेसिकची १६ केबीची रॉम ट्यूबमधून पलीकडे ओतत असतं. ही ओतणी तिसऱ्या रजिस्टरमधून होते. सर्वात वेगवान पद्धतीत दर बाइटला साधारण १० मायक्रोसेकंद. अक्षरं सावकाश जातात, हा ओघ धबधब्यासारखा जातो. किरकोळ खराब सिग्नलवर अक्षरं निभावून जातात आणि रॉमची ओतणी अडते. "मजकूर नीट येतो पण डिस्कवरून फाइल लोड करताना लटकतं" ही तक्रार याच जातीची आहे. तिथे केबल आणि व्होल्टेज बघायचं, रॅम नाही.

ओळ तुटकी आली, अक्षरं भलतीच आली, तर डेटाच्या आठ तारांपैकी एखादीचा संपर्क जातोय.

आणि ओळ अजिबात न येता नुसतं "३२के" आलं, तर दोन शक्यता उरतात. त्यांच्यात फरक करणारी चाचणी पुढे दिली आहे. या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर ही चाचणी ठेवा.

एका ओळीची चाचणी

इथून पुढे आकड्याआधीचं चिन्ह म्हणजे तो आकडा हेक्स, सोळाच्या पायावरचा. मशीन चालू झालं किंवा ब्रेकची कळ दाबली की ऑपरेटिंग सिस्टिम &एफईई० या पत्त्यावर &८१ लिहिते आणि तोच पत्ता परत वाचते. शेवटचा बिट १ आला तर पलीकडे कोणीतरी आहे. मग ती सगळ्या रॉमना विचारते की ट्यूब चालवण्याचा कोड कोणाकडे आहे. कोणीच हात वर केला नाही तर ती निमूटपणे पुढे जाते आणि साधं "३२के" मशीन चालू होतं. पडद्यावर कसलीही चूक दाखवली जात नाही. सगळा घोळ या शांततेमुळे होतो.

म्हणून "३२के" दिसत असताना, डबा जोडलेला आणि चालू असताना, बेसिकमध्ये तीच चौकशी आपण हाताने करायची:

?&एफईई०=&८१ : प्रिंट ?&एफईई०

मशीनवर अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायचं. उत्तर विषम आलं तर ट्यूब जिवंत आहे, तार जोडलेली आहे, आणि दोष रॉममध्ये आहे. उत्तर सम आलं तर मशीनला पलीकडे कोणी दिसतच नाही. माझ्या बोर्डावर केबल काढून ठेवल्यावर २५४ येतं. चाचणी चार-पाचदा करा. कधी सम, कधी विषम असं आलं तर दोष संपर्काचा, यात शंका घेऊ नका. मग ब्रेक दाबा आणि पुढे जा.

ही चाचणी फक्त "३२के" अवस्थेतच खरी असते. ट्यूब चालू असताना बेसिक पलीकडे धावत असतं, आणि तुम्ही वाचता तो पत्ता पलीकडच्या मेमरीतला असतो.

उत्तर विषम आलं तर

हे प्रकरण लवकर आटोपतं. *एफएक्स ० ही आज्ञा देऊन ऑपरेटिंग सिस्टिम १.२० आहे ना ते बघा. फार जुन्या ०.१० आवृत्तीवर ट्यूबची आशा धरू नका. मग डिस्कची रॉम. एकॉर्नच्या डीएनएफएस रॉममध्ये ट्यूबचा कोड असतो. काही मशीनवर दुसऱ्या बनावटीची डिस्क रॉम बसवलेली असते आणि तिच्यात तो असेलच असं नाही. *हेल्प दिल्यावर डीएनएफएसचं नाव कधी दिसतं आणि कधी नाही, असं होत असेल तर ती रॉम सॉकेटमध्ये नीट बसलेली नाही. वीज बंद करून, मशीनच्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवून, रॉम सपाट पात्याने दोन्ही टोकांकडून थोडी थोडी उचला, पाय पुसा, परत बसवा. शाळेतल्या मशीनमध्ये हे हमखास सापडतं, कारण वर्षानुवर्षं ती मशीनं खोलीतून खोलीत उचलून नेली गेली आहेत.

उत्तर सम आलं, किंवा बदलत राहिलं तर

इथे वेळ द्यायचा.

सुरुवात क्रमाने करा: आधी सेकंड प्रोसेसर चालू करायचा, मग मूळ मशीन. रीसेटचा सिग्नल ट्यूबमधून मूळ मशीनकडून पलीकडे जातो. मूळ मशीनने चौकशी केली तेव्हा पलीकडचा पुरवठा स्थिर झालेला नसेल, तर उत्तर येत नाही. दोन्ही एकाच स्विचवर असतील तर कोण आधी उठतो हे नशिबावर. पडताळा सोपा आहे. "३२के" आलं की पाच सेकंद थांबून कंट्रोल-ब्रेक दाबा. लगेच ट्यूबची ओळ आली आणि नंतर दिवसभर टिकली, तर तुमचा दोष एवढाच. काही उघडू नका.

ब्रेक दाबूनही येत नसेल तर केबल. ट्यूबचा कनेक्टर मशीनच्या पोटाखाली, खाली तोंड करून आहे. पावसाळ्यातली दमट हवा तिथे साचते, पिनांवरचा कथलाचा मुलामा काळवंडतो. केबल काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पिना स्वच्छ करा, वाळू द्या, मग केबल चार-पाच वेळा आत-बाहेर करा. नुसत्या त्या घासण्यानेच निम्मं काम होतं. पॉलिश पेपर लावू नका. एकदा मुलामा गेला की पुढच्या पावसाळ्यात तीच पिन दुप्पट वेगाने खराब होते. रबरी खोडायचं चौकोनी खोडरबर बोर्डच्या सपाट सोनेरी कडांना चालतं, इथल्या पिनांना त्याचा उपयोग नाही, उलट त्याचा भुसा आत अडकतो.

केबलच्या टोकाचा प्लास्टिकचा कनेक्टर बघा. त्यातली पाती तारेचं आवरण कापून आत घुसलेली असतात. ओढून ओढून ती सैल होतात. दोन सपाट लाकडी पट्ट्यांमध्ये धरून छोट्या व्हाइसमध्ये हलक्या हाताने दाबलं की परत बसतात. माझ्याकडचा अर्धा दोष इथे होता. एका टोकाची कड केसाइतकी उचललेली होती, दिसत नव्हती, नख फिरवल्यावर लागली.

आणि केबल लांब करण्याच्या मोहात पडू नका. टेबलावर डबा सोयीच्या जागी यावा म्हणून कोणी फूटभर जोड दिलेली केबल मी पाहिली आहे. ट्यूब मूळ मशीनच्या पूर्ण २ मेगाहर्ट्झ गतीने चालते. एका फेरीला ५०० नॅनोसेकंद, आणि डेटा द्यायला त्याच्या निम्मा वेळ. १ मेगाहर्ट्झ बसवर (मशीनच्या दुसऱ्या, संथ कनेक्टरवर) चालून जाणारी केबल इथे चालत नाही. लांबी वाढली की सिग्नलच्या कडा बोथट होतात आणि शेजारच्या तारेत डोकावतात.

व्होल्टेज, आणि अर्थिंग

मल्टिमीटरने व्होल्टेज मोजताना सगळे पुरवठ्याच्या तोंडाशी मोजतात. मोजायचं चिपच्या पायावर. ६५०२ मध्ये पाय ८ ला ५ व्होल्ट आणि पाय २१ ला शून्य. मूळ मशीनमध्येही मोजा आणि डब्यातही. ४.७५ च्या खाली गेलं तर पुढचं सगळं निदान निरर्थक. माझ्या मशीनमध्ये पुरवठ्याच्या टोकाला ४.९८ येत होते आणि प्रोसेसरच्या पायावर ४.७१. मधले ०.२७ व्होल्ट कुठे गेले? पुरवठ्याकडून बोर्डावर ५ व्होल्टच्या तारांच्या तीन जोड्या येतात आणि चपट्या पितळी क्लिपांनी बसतात. त्यातल्या दोन क्लिपा आतून काळ्या पडल्या होत्या. त्या काढून साफ केल्या, पक्कडीने किंचित आवळल्या, आणि पायावर ४.९३ आले. पावसाळ्यात वाढणाऱ्या तक्रारीचं खरं मूळ हेच निघालं. सेकंड प्रोसेसर निर्दोष होता, दमटपणाने मूळ मशीन उपाशी राहत होतं.

पुरवठ्याचा डबा उघडणार असाल तर दोन गोष्टी. आत मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही घातक दाब शिल्लक राहतो. सवय नसेल तर जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. आणि मेनच्या बाजूला पिवळसर पारदर्शक रिफा कपॅसिटर असतील, त्यांना चिरा गेलेल्या दिसतील, तर मशीन चालू करण्याआधीच ते बदला. ते फुटतात आणि खोलीभर उग्र धूर होतो. माझ्याकडे झालेलं आहे. मशीनचं नुकसान झालं नाही, पण घरच्यांची पाचावर धारण बसली होती.

आता अर्थिंग. इंग्लंडहून आलेल्या डब्याला तिकडचा चौकोनी पिनांचा प्लग असतो. आपण त्याला बाजारातला अॅडॉप्टर लावतो. बऱ्याच स्वस्त अॅडॉप्टरमध्ये अर्थची पिन नुसती शोभेची असते, आत जोडलेली नसते. मूळ मशीन एका सॉकेटवर, डबा दुसऱ्यावर, आणि दोघांचा शून्याचा दुवा म्हणजे फक्त ट्यूबच्या बारीक तारा. हे बरोबर नाही. प्लग कापून आपला १६ अँपिअरचा किंवा ६ अँपिअरचा तीन पिनी प्लग नीट अर्थसह बसवा, आणि दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा.

इतकं करूनही चुकत असेल तर

तेव्हा कुठे चिपांकडे वळायचं, आणि तेही मूळ मशीनच्या बाजूने. ट्यूबकडे जाणारा डेटा ७४एलएस२४५ या बफरमधून जातो. जुना बफर मंद होतो. माझ्या एका मित्राच्या मशीनमध्ये जलद जातीचा ७४एएलएस२४५ घातल्यावर दिवसातून दोनदा लटकणारं मशीन आठवडाभर अखंड चाललं. चिप सोल्डर केलेली असेल तर सॉकेट घालूनच बदला. मूळ ६५०२ए दुसऱ्या बनावटीचा लावून बघणंही उपयोगी ठरतं, कारण काठावरच्या टायमिंगमध्ये एका कंपनीची चिप निभावते आणि दुसरीची नाही.

नवीन काळात आणखी एक सोय झाली आहे. पाय-ट्यूब-डायरेक्ट नावाचा प्रकल्प रास्पबेरी पाय हा छोटा संगणक वापरून सेकंड प्रोसेसरची नक्कल करतो. ५ व्होल्टचे सिग्नल ३.३ ला उतरवणारा लेव्हल शिफ्टरचा बोर्ड मात्र मध्ये हवाच, नाहीतर रास्पबेरी पाय जळेल. कोणाकडून तो तासभर उसना मिळाला तर सगळ्यात चांगला न्यायनिवाडा होतो. रास्पबेरी पाय लावूनही तीच तक्रार आली तर दोष तुमच्या मूळ मशीनमध्ये, डब्याला हात लावू नका. रास्पबेरी पाय व्यवस्थित चालला, तेव्हाच डबा उघडा.

डब्यात रॅमच्या आठ ४१६४ चिपा असतात, प्रत्येक चिप एकेक बिट सांभाळते. त्यांतली एक गेली तर ओळ नीट येते पण बेसिकमध्ये विनाकारण "बॅड प्रोग्रॅम" किंवा बदललेली अक्षरं दिसतात. &२००० ते &७००० पर्यंत प्रत्येक पत्त्यावर &५५ आणि मग &एए लिहून परत वाचणारा चार ओळींचा प्रोग्रॅम लिहा. चुकीचा बिट सतत तोच येत असेल तर चिप सापडली. युएलएला शेवटपर्यंत उपटू नका.

दोष नसतानाचा दोष

अर्ध्या तक्रारी प्रत्यक्षात या असतात. ट्यूब उत्तम चालते, पण एखादा जुना प्रोग्रॅम काळा पडदा दाखवून बसतो. लोक म्हणतात, "सेकंड प्रोसेसर बिघडलाय."

प्रोग्रॅम थेट &७सी०० वर लिहून सातव्या मोडच्या पडद्यावर अक्षरं उमटवत असेल, तर ट्यूब चालू असताना ती अक्षरं पलीकडच्या रॅममध्ये जातात, पडदा तर अलीकडे आहे. युजर पोर्टवर (बाहेरची उपकरणं जोडायच्या कनेक्टरवर) &एफई६० मधून काही पाठवत असेल तर तेही तसंच हरवतं. पोर्टसाठी थेट पत्ता सोडून *एफएक्स १५१,९६ आणि पुढे किंमत अशी आज्ञा द्यायची. अलीकडच्या मेमरीत डोकवायचं असेल तर ऑसवर्ड या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सोयीतल्या ५ ने वाचायचं आणि ६ ने लिहायचं.

फाइलचा पत्ताही बघा. *इन्फो दिल्यावर लोडचा पत्ता एफएफ१९०० असेल तर फाइल मूळ मशीनमध्ये उतरते, ००१९०० असेल तर पलीकडे. चित्राची फाइल असेल तर *लोड देताना पूर्ण पत्ता, एफएफएफएफ३०००, हाताने द्या. तेवढ्याने चित्र पडद्यावर येतं.

जे प्रोग्रॅम मुळातच ट्यूबसाठी लिहिलेले नाहीत, विशेषतः गेम, त्यांना बदलत बसू नका. डबा बंद करा, कंट्रोल-ब्रेक दाबा, आणि साध्या मशीनवर चालवा.

दुरुस्ती झाली हे कधी म्हणायचं

एकदा ओळ दिसली म्हणून नाही. मी वहीत वीस खुणा करतो: वीज बंद, दहा सेकंद थांबा, चालू, काय आलं ते लिहा. त्यातल्या दहा वेळा मशीन गार असताना, दहा वेळा दोन तास तापल्यावर. वीसपैकी वीस वेळा ट्यूबची ओळ आणि बेसिक दोन्ही आले पाहिजेत. मग डिस्कवरची एक मोठी फाइल लोड करून तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर फिरत ठेवतो, कारण रॉमची ओतणी आणि फाइलची ओतणी एकाच रजिस्टरमधून जातात आणि दोष असेल तर तिथेच उघडा पडतो.

माझी वही पहिल्या पावसाळ्यात वीसपैकी सात दाखवत होती. क्लिपा, केबलची कड आणि प्लग, या तिघांनंतर गेल्या जुलैमध्ये वीसपैकी वीस. डब्यातली एकही चिप बदललेली नाही. आता जून लागला की दोन्ही क्लिपा उघडून बघतो, केबल चारदा आत-बाहेर करतो, आणि मशीन झाकताना कापडाखाली सिलिका जेलची पुडी ठेवतो.